दोन वर्ग, एक बाई आणि माझं पोरगं

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगते. मी काही लिहिणारी बाई नाही, घरी टॉवेलची शिलाई करते, कारखान्यातून गठ्ठे आणायचे, कडा मारायच्या, डझनावर मोजून परत द्यायचे. शिक्षण बारावी. पण तुमच्या पेपरात दरवर्षी शिष्यवृत्तीचा निकाल लागला की पोरांचे फोटो येतात, गळ्यात हार, बाजूला सर पेढा भरवायलेत, आणि आतल्या कुठल्या तरी पानावर शिक्षकांच्या इतक्या इतक्या जागा रिकाम्या अशी चार ओळींची बातमी असते. ह्या दोन बातम्यांच्या मधे जी पोरं अडकून बसलीत त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी बसले लिहायला. रात्रीचे साडेदहा झालेत, मशीन बंद केलंय, मोबाईलवर टाइप करायलीय, चुकलं माकलं सुधारून घ्या.

माझा मुलगा पाचवीला आहे, पूर्व भागातल्या एका सरकारी मराठी शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही. नाव छापून आलं की पहिली नोटीस निघणार ती आहे त्या बाईंना, आणि त्या बाई आहेत म्हणून तर वर्गाचं कुलूप निघतंय.

मागच्या महिन्यात मी माल द्यायला गेले तेव्हा पोरगं सोबत होतं. १७ डझन झाले होते, डझनाला साडेसात रुपये. मुनीम खिशातून मोबाईल काढून कॅल्क्युलेटर उघडतोय तोवर हा म्हणला एकशे साडेसत्तावीस. मुनीमाने तरी करून बघितलं, बरोबर निघालं. कसं रे केलंस म्हणला तर म्हणे सतरा सत्ते एकशे एकोणीस, आणि सतराचे निम्मे साडेआठ. मुनीमाने खूश होऊन त्याला चॉकलेट दिलं आणि म्हणला वहिनी पोरगं कलेक्टर होतंय बघा. मी हसले, कारण त्याच मुनीमाच्या टेबलावर जी पावती होती त्यावर वर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव छापलेलं होतं आणि ते जर कुणी त्याला वाच म्हणलं असतं ना तर ह्याच पोराला घाम फुटला असता. 'घर'ला 'धर' वाचतो. 'भात'ला 'मात'. वेलांटी कुठली पहिली कुठली दुसरी हे सोडाच, कधी कधी वेलांटी त्याला दिसतच नाही. जोडाक्षर आलं की थांबतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. ओळ वाचून होईस्तोवर ओळीच्या सुरुवातीला काय होतं ते विसरतो. पण तोच धडा मी वाचून दाखवला तर एकदा ऐकून पाठ.

बाई आधी म्हणाल्या लक्ष नाही. मग म्हणाल्या घरी वाचन घ्या. मिस्टर म्हणाले नाटकं करायलाय, गणित येतं आणि वाचता येत नाही असं कुठं असतंय का. आणि मी, खोटं कशाला सांगू, मी मारलंय त्याला. तिसरीत होता तेव्हा एका संध्याकाळी एकच पान दीड तास घेऊन बसला होता, माझा माल राहिला होता, लाटणं हातात होतं. ते आठवलं की आजही जेवण जात नाही मला.

कळलं कसं ते सांगते. शाळेत एक मुलगी आहे तिचा हात आणि पाय जन्मापासून आखडलेला, तिच्यासाठी विशेष शिक्षिका यायच्या, आम्ही त्यांना फिरत्या बाई म्हणतो कारण त्या ह्या शाळेतून त्या शाळेत फिरतच असतात. एक दिवस ती मुलगी आलीच नव्हती. बाईंना परत जायच्या आधी अर्धा तास होता, त्या मागच्या बाकावर सहज माझ्या पोराजवळ बसल्या, वही बघितली, दोन ओळी वाचून घेतल्या, मग बाराचा पाढा उलटा म्हणून घेतला. शाळा सुटल्यावर मला फोन. म्हणाल्या ताई, हा आळशी नाही, उलट फार पुढचा आहे, ह्याचं अक्षरांचं काहीतरी वेगळं आहे, टेस्ट करून घ्या. म्हणजे अर्ध्या तासात जे त्यांना कळलं ते चार वर्षात कुणालाच कळलं नव्हतं, कारण चार वर्षात त्याच्याजवळ सलग अर्धा तास बसलंच नव्हतं कुणी. मी पण नाही.

टेस्टची गोष्ट थोडक्यात सांगते नाहीतर पत्र संपायचं नाही. शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात चार चकरा. एकदा ऑनलाइन नोंदणी नव्हती म्हणून परत, एकदा मॅडम ट्रेनिंगला गेलेल्या, एकदा आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नाही, चौथ्या वेळी झालं. प्रत्येक चकरेला माझा एक दिवस मोडला आणि पोराची शाळा बुडाली ती वेगळीच. पण ज्या मॅडमनी टेस्ट घेतली त्या चांगल्या होत्या, घाई केली नाही. म्हणाल्या ह्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात, डिस्लेक्सिया ऐकलं असेल तुम्ही. वाचन दुसरीच्या पोराएवढं आहे आणि बुद्धी वयापेक्षा बरीच वर आहे. दोन्ही एकाच पोरात असू शकतं. मी विचारलं मग ह्याला हुशार म्हणायचं का कमी म्हणायचं, त्या म्हणाल्या दोन्हीकडचं शिक्षण द्यायला लागेल, वाचायला शिकवणारं माणूस पण पाहिजे आणि गणितात पुढं नेणारं पण पाहिजे. रिक्षात बसल्यावर मला हसावं का रडावं कळेना. आमच्या शाळेत एक माणूस पुरेना आणि ह्याला दोन पाहिजेत.

आता शाळेत माणूस का पुरेना ते मी शोधून काढलंय, कारण शाळा व्यवस्थापन समितीत मला घेतलंय. ह्या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, असा कायदा आहे, म्हणून सही करायला बायका लागतात. मी सही करायच्या आधी वाचते हे त्यांना नंतर कळलं.

तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्यात पहिली ते पाचवीला ३० पोरांमागे एक शिक्षक असं आपण सगळे ऐकून असतो. पण ते शाळेच्या एकूण पोरांवर धरतात, वर्गावर नाही. ६० पर्यंत पोरं असली की दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार. म्हणजे पन्नास पोरांच्या शाळेत पाच वर्ग आणि दोन शिक्षक हे एकदम कायद्यात बसतंय, तक्रार करायला जागाच नाही. एका गुरुजींनी एका वेळी दोन-तीन वर्ग सांभाळायचे हे कायद्यानेच धरून ठेवलंय. मला हे कळलं तेव्हा मी समितीच्या मीटिंगमधे मोठ्याने म्हणले की मग हक्क कुणाचा आहे हो, तर सगळे चहा प्यायला लागले.

आमच्या शाळेत पोरं ९७. म्हणजे चार शिक्षक. होते पण चार. मग संच मान्यता आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ३० सप्टेंबरला शाळेत किती पोरं आहेत त्यावर किती शिक्षक द्यायचे ते ठरवतात, आणि पोरं मोजायची ती ऑनलाइन. आमच्याकडच्या ९ पोरांचं आधार जुळलं नाही. कुणाच्या आडनावात एक अक्षर जास्त, कुणाची जन्मतारीख वेगळी, दोघं भाऊ आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाऊन येऊन असतात त्यांचं आधारच नव्हतं. ९७ मधून ९ गेले, राहिले ८८. नव्वदच्या खाली आले. एक शिक्षक अतिरिक्त. ती नऊ पोरं रोज बाकावर बसतात, खिचडी खातात, प्रार्थनेला रांगेत उभी राहतात, पण कॉम्प्युटरमधे ती नाहीत आणि त्यांच्या पायी एक सर गेले. गेले ते कुठले, तर गणिताची आवड असलेले. शनिवारी दप्तर न आणता या म्हणायचे आणि फळ्यावर काड्यांची कोडी घालायचे. माझं पोरगं शनिवारी सहाला उठायचं स्वतःहून. सरांचं समायोजन लांबच्या शाळेत झालं. राहिलेल्या तिघांपैकी एक सर कागदावर आमच्याच शाळेत आहेत, पगार आमच्या शाळेचा, पण बसतात एका ऑफिसात कामासाठी. म्हणजे खरे दोन. पहिली दुसरी तिसरी एका बाईंकडे, चौथी पाचवी दुसऱ्या बाईंकडे, चाळीस पोरं, एक खोली, फळा मधे खडूने उभी रेघ मारून दोन भाग केलेला, डावीकडे चौथी, उजवीकडे पाचवी.

एक दिवस मी वर्गाच्या दारात पाऊण तास उभी होते, समितीची सदस्य म्हणून, बाईंनी पण ना नाही म्हणलं. बघितलं ते लिहिते. बाईंनी पाचवीला गणितं दिली आणि चौथीकडे वळल्या. चौथीला कविता म्हणायला लावली. तेवढ्यात फोन, कुठली तरी माहिती आत्ता लगेच भरा. फोन ठेवतात तोवर आहाराच्या तांदळाची गाडी, सही. परत आल्या, मधल्या बाकावरच्या पोरांच्या वह्या तपासल्या. मधल्याच. पुढचे दोघं-तिघं पाच मिनिटात गणितं संपवून खिडकीबाहेर बघायलेत, मागचे चार जण पेन्सिलीला टोक करायलेत ते पाऊण तास टोकच करायलेत. माझं पोरगं गंमत म्हणजे दोन्हीकडे होतं. फळ्यावरचं आकड्यातलं गणित त्याने सगळ्यात आधी केलं आणि पुस्तकातलं लिहून दिलेलं उदाहरण, "एका शेतकऱ्याकडे" असं सुरू होणारं, ते सोडून दिलं, कारण शेतकऱ्यापर्यंतच त्याला पोचता आलं नाही. मी बाईंवर एक अक्षर चिडू शकले नाही. चाळीस पोरांत मधली वीस हाताला लागली तरी पुष्कळ झालं म्हणायचं.

आणि त्या बाई बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या, पण आहेत. २०२४ मधे लोकसभा झाली, विधानसभा झाली, मग २०२६ च्या जानेवारीत महापालिकेची झाली. मतदार याद्या, घरोघर फिरणं. कायद्याच्या कलम २७ मधे लिहिलंय की शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम लावायचं नाही. वाचायला भारी वाटतंय. पण ह्या तीन गोष्टींतच निम्मं वर्ष जातंय आणि उरलेल्यात सर्वेक्षणं, ऍप, फोटो अपलोड, वृक्ष लावा त्याचा फोटो, हात धुवा त्याचा फोटो. पोरं हात धुतात हो, त्यांना वाचायला शिकवा.

आता शेजारच्या अक्कांच्या नातीचं सांगते कारण लोकांना वाटतं की त्रास फक्त मागं राहणाऱ्या पोरांना होतो. अक्का पद्मशाली, घरात तेलुगू, ही पोरगी चौथीला आमच्याच शाळेत मराठीत शिकते. तेलुगू येतं, मराठी येतं, हिंदी टीव्हीवरून, गल्लीतल्या आजीकडून कन्नड पण थोडं उचललंय. सोलापुरात ह्यात नवल नाही म्हणा, पण ही पोरगी तेलुगू आणि मराठीत कुठले शब्द सारखे आहेत त्याची वहीत यादी करते, नऊ वर्षाची पोरगी. सहावीचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणून वाचते. तर शाळेत हिचं काय करतात, हिला पहिलीच्या वर्गावर बसवतात. तिकडच्या बाईंना तीन वर्ग आहेत ना, मग ही जाऊन पहिलीच्या पोरांना अ आ इ गिरवून घेते. अक्का कौतुकाने सांगतात आमची टीचर झाली. मला नाही कौतुक वाटत. स्वतःचं काम लवकर संपवलं ह्याची शिक्षा म्हणून दुसऱ्याचं काम करायचं, ते पण फुकट. रोज दोन तास त्या पोरीचं शिकणं बंद आहे आणि कुणालाच ते बंद दिसत नाही कारण ती रडत नाही आणि मार्क पैकीच्या पैकी आहेत.

आपल्याकडे हुशार पोरांसाठी परीक्षा आहेत, शिकवणं नाही. शिष्यवृत्ती आहे. ती आधी चौथी सातवीला होती, मग पाचवी आठवीला नेली, आता परत चौथी सातवीला आणायचं ठरलंय. इयत्ता बदलायचा उत्साह आहे, शिकवायला माणूस द्यायचा नाही. नवोदय आहे, केंद्र सरकारची निवासी शाळा, आपल्या जिल्ह्याचं मोहोळ तालुक्यात पोखरापूरला, सहावीला ८० जागा, तालुके अकरा, वर हे सोलापूर शहर. त्यातल्या ७५ टक्के ग्रामीण पोरांना, आणि ते बरोबरच आहे. आधी सरकारने शासकीय विद्यानिकेतनं काढली होती खेड्यातल्या हुशार पोरांसाठी, पुसेगावला वगैरे, माझे मामा त्याच्या गोष्टी सांगायचे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून हेच काम करते. म्हणजे हुशार पोराला वेगळं शिकवायला लागतं हे महाराष्ट्राला साठ वर्षांपासून माहीत आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तर हुशार मुलांना कसं शिकवायचं ते बीएडलाच विषय म्हणून घेता येईल असं पण लिहिलंय. पण आमच्या पोरांना त्यासाठी निवडून कुठं तरी जावं लागतं. जी निवडली गेली नाहीत ती मग पहिलीला अ आ इ शिकवतात.

माझ्या पोराला शिष्यवृत्तीला बसवा म्हणून मी गेले होते. शाळेने आठ नावं काढलेली, ह्याचं नव्हतं. मुख्याध्यापकांचा चार्ज ज्यांच्याकडे आहे त्या म्हणाल्या ताई त्याला पेपर वाचता येणार नाही, शाळेचा निकाल पडतो. आता बघा, दोन पेपर मिळून ३०० मार्क, त्यात १०० गणिताचे आणि १०० बुद्धिमत्तेचे. बुद्धिमत्तेच्या आकृत्या मी त्याला जुन्या पुस्तकातून दाखवल्या, तो उत्तर बोटाने दाखवतो आणि पुढच्यावर जातो, मला समजायला वेळ लागतो. नवोदयच्या परीक्षेत तर ८० पैकी ४० प्रश्न निव्वळ आकृत्यांचे असतात, एक शब्द वाचावा लागत नाही. पण बाकीच्या चाळीसला वाचावं लागतं. म्हणजे गाडी आहे, पेट्रोल आहे, आणि चावीच हरवलीय असं झालंय.

ती चावी ज्यांच्याकडे आहे त्या फिरत्या बाई. त्यांच्याबद्दल लिहायचं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यात आहे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मधे सांगितलं की प्राथमिकला अशा १० पोरांमागे एक विशेष शिक्षक पाहिजे, वरच्या वर्गांना १५ मागे एक. २०२५ च्या मार्चमधे परत सगळ्या राज्यांना सांगितलं की पदं जाहीर करा. आपल्या सरकारने २०२४ मधे ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, प्रत्येक केंद्राला एक. केंद्र म्हणजे दहा-बारा शाळा मिळून एक. बरीच वर्षं कंत्राटावर राबलेली माणसं आहेत ही, त्यांना कायम केलं तर मला आनंदच आहे. पण मी पोरालाच हिशेब घातला. म्हणलं बारा शाळा, महिन्यात शाळेचे चोवीस दिवस. दोन दिवस, म्हणला. दिवसाचे पाच तास धर आणि शाळेत तुझ्यासारखी पाच पोरं धर, एकाला किती? महिन्याला दोन तास, म्हणला, आणि मग म्हणला, आई पण बाई तर दोन दिवस येतच नाहीत. बरोबर आहे, येत नाहीत. त्यांना शिबिरं असतात, मीटिंगा असतात, सायकली आणि कुबड्या वाटपाचं असतं, आणि प्रवास. अक्कलकोट रोडच्या टोकापासून दुसऱ्या टोकाला स्वतःच्या गाडीवर एप्रिलच्या उन्हात, ४२-४३ डिग्रीत. डिसेंबरात आल्या त्या फेब्रुवारीत आल्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा होती म्हणून एक खेप गेली, दुसरी खेप निवडणुकीत.

मधे दोन महिने गेले की काय होतं ते ऐका. डिसेंबरात त्यांनी त्याला वाळूच्या ताटलीत अक्षरं बोटाने काढायला शिकवलं, 'घ' काढताना तोंडाने घ म्हणायचं, 'ध' काढताना ध म्हणायचं, एका वेळी एकच जोडी. मला पण दाखवलं. मी पोळपाटावर पीठ पसरून करून घेते रात्री. घ आणि ध सुटलं त्याचं, खरंच सुटलं, आता घराला घर म्हणतो. पुढची जोडी कुठली घ्यायची ते मला माहीत नाही. मी भ-म घेतली तर सगळंच घोटाळलं, घ-ध पण परत गेलं. फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या ताई आधी मी बघितल्याशिवाय कसं सांगू. त्यांचं पण खरं आहे.

लोक सांगतात इंग्लिश मीडियमला घाला. गेले होते की. जुळे सोलापूरच्या बाजूच्या एका शाळेत सर्टिफिकेट बघून म्हणाले आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, तुम्ही विशेष शाळेत बघा. विशेष शाळेत गेले तर तिथल्या सरांनी पाच मिनिटं बोलून म्हणलं अहो हा आमच्याकडचा नाही, हा फार हुशार आहे, ह्याला नेहमीच्या शाळेतच ठेवा. खाजगी मॅडम आहेत शिकवणाऱ्या, त्या एका तासाचे सांगतात तेवढे मला दोन दिवसाच्या शिलाईत सुटत नाहीत. म्हणून आपली सरकारी शाळा, आणि मला ती सोडायची पण नाही. ह्याच जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेतले डिसले गुरुजी, २०२० मधे जगातला शिक्षकांचा पुरस्कार घेऊन आले, ते सरकारी शाळेतलेच ना. पुस्तकावरचा क्यूआर कोड त्यांचीच डोक्यातली गोष्ट. माझं पोरगं आज जे काही शिकतंय ते त्याच कोडमुळे, मोबाईल धरतो, ऐकतो, बघतो, पाठ करतो. पण माझा मोबाईल दिवसभर माझ्याकडे असतो, मालाचे फोन येतात, आणि कोड त्याला ऐकवतो, त्याचं वाचन ऐकत नाही. ते ऐकायला माणूसच लागतंय.

मागून काय मागणार मी. नवी इमारत नको, टॅब नको, कुणाच्या हस्ते काही वाटप तर अजिबात नको. ऑफिसात बसवलेले आमचे सर परत वर्गात पाठवा, पगार तर आमच्याच शाळेचा घेतात. आधार जुळलं नाही ती नऊ पोरं एक दिवस अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन डोळ्याने मोजावीत, मी चहा करून देते. फिरत्या बाईंचा वार ठरवून द्या, महिन्याला दोनच तास तर दोन तास, पण अमक्या बुधवारी म्हणजे बुधवारी, आणि तो शाळेच्या दारावर लिहून लावा, खिचडीचा मेनू लावतात तसा. आणि त्या दिवशी त्यांना मीटिंगला बोलवू नका. अक्कांच्या नातीसाठी काय मागायचं ते मला नीट कळत नाही, गणिताचे सर असते तर त्यांनी सांगितलं असतं. निदान पहिलीच्या वर्गावर बसवणं थांबवा म्हणावं.

हे सगळं मी अर्जात लिहून दिलंय, पोच घेतलीय, तीन महिने झाले. पोच पोराने वाचायचा प्रयत्न केला. "अर्ज" वाचला. "प्राप्त" वाचता आलं नाही.

पत्र छापलं तर माझं नाव छापू नका एवढी विनंती. ह्या बुधवारी फिरत्या बाई यायच्यात असं काल बाई म्हणाल्या. पीठ चाळून ठेवलंय, वही पण नवीन आणलीय. मागच्या बुधवारी पण आणली होती.

आपली,
एक पालक,
पूर्व भाग, सोलापूर